शाम पालवांचं पान

सर्वपित्री अमावास्येला धुरींच्या घरची पितरं साधारण साडेबाराच्या सुमारास येत, आणि कावळ्याच्या रूपानं थेट गच्चीवर येत. यंदा त्यातलं एक पितर अकरालाच आलं, लिफ्टनं आलं, आणि दाराबाहेर चपला काढून त्यानं बेल वाजवली.

दार श्यामसुंदरनं उघडलं. बाहेर पंचाहत्तरी ओलांडलेला एक काटकुळा म्हातारा उभा होता. पांढऱ्या शर्टाची गळ्यापर्यंतची सगळी बटणं लावलेली, हातात कापडी पिशवी.

"मार्तंड धुरी इथंच राहतात ना?"

"हो. बाबा केळीची पानं आणायला गेलेत. आपण?"

"मी श्यामसुंदर पालव."

श्यामसुंदर धुरीनं म्हाताऱ्याकडे पाहिलं. मग भिंतीकडे पाहिलं. भिंतीवर 'पुलाअलीकडे' या पुस्तकाचं मुखपृष्ठ फ्रेम करून लावलं होतं, आणि त्यावर शिपाई श्यामसुंदर पालव छातीवर हात धरून कोसळत होते. चित्रकारानं पालवांना कधी पाहिलेलं नव्हतं. त्यानं हिंदी सिनेमातल्या इन्स्पेक्टरवर काम भागवलं होतं.

"ते वारले," श्यामसुंदर म्हणाला.

"असं मी पण ऐकलं," म्हातारा म्हणाला. "आत येऊ?"

धुरींच्या घरात हा माणूस मेलेला असणं ही एक पायाभूत सोय होती. एकाहत्तरच्या लढाईहून मार्तंड धुरी परत आले, टेलिफोन खात्यात चिकटले, आणि दोन वर्षांनी एका दिवाळी अंकात त्यांनी लांबलचक कथा लिहिली. तिचंच पुढं पुस्तक झालं. शेवटच्या प्रकरणात पालव पहाटे पुलावर एकटा उभा राहतो आणि मरतो. ते वाचून न रडलेला माणूस मुलुंड पूर्वेत एकच सापडला होता, आणि तोही पुस्तक न वाचलेला निघाला.

मार्तंडरावांच्या आईला वाचता येत नव्हतं. तिनं ते प्रकरण शेजारणीकडून वाचून घेतलं, पदर ओला केला, आणि पुढच्या सर्वपित्रीला एक पान जास्त वाढलं. "त्याचा कोण करता का नाय, कोणाक ठावक," एवढंच म्हणाली. वर्षभरात नातू झाला. त्याचं नाव काय ठेवायचं हे कुणाला विचारावंसुद्धा लागलं नाही. मग आजी गेली, गिरणी गेली, परळची खोली गेली, गव्हाणपाड्यात फ्लॅट आला. पालवांचं पान तेवढं राहिलं.

आणि नाव राहिलं. कुत्रा मागे लागला तर पळायचं नाही, इंजेक्शनला ओठ काढायचे नाहीत, झुरळाला बघून खुर्चीवर चढायचं नाही. "नाव कोणाचं आहे?" असं मार्तंडराव विचारायचे, आणि सहा वर्षांचा श्यामसुंदर झुरळासमोर हुतात्म्यासारखा उभा राहायचा. आता तो एक्कावन्न वर्षांचा होता आणि अंधेरीला व्हॉल्व्ह बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटी तपासायचा, म्हणजे संशय घेण्याचा त्याला पगार मिळायचा. दोन वर्षांपूर्वी तिथं आगीची घंटा वाजली होती आणि तो सगळ्यांच्या आधी खाली पोचला होता. जिन्यात त्यानं एका ट्रेनी मुलीला ढकललंही होतं. घंटा सरावाची होती. तशी नोटीस आठवडाभर लागलेली होती, आणि नोटिशीखाली त्याचीच सही होती. तेव्हापासून कोणी "श्यामसुंदर" अशी पूर्ण हाक मारली की तो आधी मागे वळून बघायचा, दुसऱ्याच कोणाला तर बोलावत नाहीत ना.

म्हातारा सोफ्यावर बसला. टेकला नाही. हॉलमधल्या वस्तूंकडे तो अशा नजरेनं बघत होता, की आपल्या नावावर इथं आणखी काय काय खपवलंय ते एकदा बघून घ्यावं.

"कोण आलंय रे?" कमल आतून विचारत आली. श्यामसुंदरची ही धाकटी बहीण बोरिवलीहून सकाळीच आली होती. घरात भावाला अख्खा हुतात्मा मिळाला आणि आपल्याला तळ्यातलं फूल, ही तिची जुनी तक्रार. पण बाबांच्या पुस्तकावर कोणी बोट ठेवलं की पहिली तीच उठायची.

"पालव," श्यामसुंदर म्हणाला. "श्यामसुंदर पालव आहेत म्हणतायत."

कमलनं म्हाताऱ्याकडे पाहिलं, हात पदराला पुसले आणि भावाला दाराआड ओढलं. "वेडा आहेस काय? आत घेतलंस कशाला? अपूर्वाच्या त्या व्हिडिओमुळे आलाय हा. रिकामटेकडे बसलेलेच असतात."

व्हिडिओ खरा होता. श्यामसुंदरच्या मुलीनं, अपूर्वानं, 'माझ्या बाबांचं नाव इतकं जुनाट का' असा दीड मिनिटाचा किस्सा मोबाइलवर टाकला होता. पुस्तक, पूल, दरवर्षीचं पान, सगळं त्यात होतं.

"माझ्या नातीनं दाखवला तो," म्हातारा हॉलमधून म्हणाला. त्याचे कान शाबूत होते. "मी आरे कॉलनीत असतो. म्हशींच्या युनिटवर वॉचमन होतो, तीस वर्षं."

म्हणजे हुतात्मा तीस वर्षं मुलुंडहून एका बसच्या अंतरावर म्हशी राखत होता. श्यामसुंदरला हे पटेना. खोटं बोलणारा माणूस याहून बरं काहीतरी बोलला असता, आणि नेमकं म्हणूनच त्याचा संशय वाढला.

कमलनं कपाटातून 'पुलाअलीकडे' काढलं आणि समोर खुर्ची ओढून बसली. "काका, रागावू नका. आजकाल कोणी पण कोणी पण असतं. दोन-चार गोष्टी विचारते. तुम्ही डावखुरे ना?"

"नाय. उजवा."

कमलनं भावाकडे पाहिलं. "बरं. गळा गोड होता म्हणे तुमचा. खंदकात गायचात."

"मी गायलो की पोरं फेकायला बूट शोधायची."

"एकुलत्या एका बहिणीचं नाव?"

"बहीण नाही. चार भाऊ."

"आवडता पदार्थ?"

"आंबोळी."

"काळ्या वाटाण्याचं सांबारं!" कमलनं पुस्तक आपटलं. "इथं अख्खं पान आहे त्यावर. आईच्या हातच्या सांबाऱ्याची आठवण काढत तुम्ही पुलाकडे चालत जाता!"

"काळे वाटाणे माझ्या पोटाला कधीच चालले नाहीत बाई."

स्वयंपाकघरात डाव पातेल्याला लागून थांबला. श्यामसुंदरच्या आई, सुगंधाताई, दारात आल्या. "पन्नास वर्षं मी काळे वाटाणे भिजत घालतेय," त्या कोणालाच उद्देशून नसल्यासारख्या म्हणाल्या. "आजसुद्धा घातलेत."

"नापास," कमल म्हणाली. "एक उत्तर बरोबर नाही."

"आत्या, पण ते स्वतःच पालव असतील," अपूर्वा सोफ्याच्या हातावर बसत म्हणाली, "तर ते म्हणतील तेच बरोबर ना?"

"मग तुझे आजोबा खोटं लिहितात असं म्हणायचंय तुला?"

"मी कुठं म्हटलं? मी म्हटलं, दोघांपैकी एक कोणीतरी."

"दादा, तू बोल ना काहीतरी! तुझंच नाव आहे."

श्यामसुंदर सगळ्यांकडे आळीपाळीनं बघत राहिला. त्याला सगळ्यांचाच संशय येत होता. बटणं लावलेल्या या माणसाचा येत होता, डोळे मिटून पुस्तकावर शपथ घेणाऱ्या बहिणीचा येत होता, आणि आईचा तर फारच. नवऱ्याचा मेलेला मित्र सोफ्यावर बसलाय आणि ती वाटाण्यांबद्दल बोलते, म्हणजे हिला काय काय आधीपासून माहीत आहे? पण सगळ्यांत जास्त संशय त्याला स्वतःचा येत होता. कारण मघाशी दारात म्हाताऱ्यानं नाव सांगितलं तेव्हा त्याच्या मनात पहिली गोष्ट आली ती अशी: हा जिवंत असेल, तर मी सुटलो.

किल्ली फिरली. मार्तंडराव केळीच्या पानांची गुंडाळी काखेत धरून आत आले. पंख्याखाली उभे राहिले, टोपी काढली, आणि सोफ्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावरची एकही सुरकुती हलली नाही. मुलीला वाटलं, ओळखलं नाही. नातीला वाटलं, झटका येणार. श्यामसुंदर त्यांच्या हाताकडे बघत होता. पानांची गुंडाळी त्यांनी जरा घट्ट धरली, बस्स.

"शाम्या," मार्तंडराव म्हणाले, "तुझं पान आहे ह्यात."

"माका कित्याक मारलंस रे?" पालव उठून उभे राहिले.

"बस. पाणी पी आधी."

"वाचलंय मी. बरो मेलंय मी त्याच्यात. एवढो बरो मी जगलंय पण नाय. पण कित्याक?"

मार्तंडराव पानं टेबलावर ठेवून समोर बसले आणि एकेक पान उलगडून ओल्या फडक्यानं पुसू लागले. धुरींच्या घरात अवघड बोलणी अशीच होत. काहीतरी पुसायला लागे.

"तू ट्रकात होतास," ते म्हणाले. "मागं गेलास. तुझं नाव तिथं नुसतं पडलं होतं. मी वापरलं."

कमलच्या तोंडून "बाबा!" एवढंच आलं. पुस्तक अजून तिच्या मांडीवर होतं. तिनं ते मिटलं, पण बोट आतच राहिलं.

"तो नवीन पोरगा," पालव म्हणाले. आता ते इतरांना कळावं म्हणून सावकाश, शहरातल्या मराठीत बोलत होते. "आदल्या संध्याकाळी ट्रकातून आला. दुसऱ्या कुठल्या तुकडीचा, वाट चुकून आमच्यात पडला. नाव कोणी विचारलं नाही. सकाळी विचारू म्हटलं. पहाटेचा पहारा माझा होता. माझं पोट बिघडलं होतं. तसं सगळ्यांचंच बिघडलं होतं."

"पुस्तकात आहे ना," अपूर्वा म्हणाली, "'त्या रात्री कोणी झोपलं नाही.' आम्ही शाळेत म्हणून दाखवायचो."

"ते खरं आहे," मार्तंडराव म्हणाले. "कोणी झोपलं नाही. का, ते लिहिलं नाही. जुलाब साहित्यात बसत नाहीत."

"तो पोरगा म्हणाला, तुम्ही पडा, मी उभा राहतो. उजाडता उजाडता गोळा आला," पालव म्हणाले. "मला मागं पाठवलं ते त्याच ट्रकातून. तो ज्यातून आला होता."

खालून मुलुंडची एक रिक्षा हॉर्न वाजवत गेली. सुगंधाताई नाकाला पदर लावून उभ्या होत्या, पण डोळे नवऱ्यावर होते, आणि त्या डोळ्यांत रडू नव्हतं, हिशेब होता.

"म्हणजे मेला तो कोणीतरी दुसराच," त्या म्हणाल्या.

"मी खोटं लिहिलेलं नाही," मार्तंडरावांनी फडकं पिळलं. "पूल खरा. पहाट खरी. मरण खरं. एक नाव इकडचं तिकडं."

"तेवढंच त्याचं होतं रे!" पालवांचा आवाज पहिल्यांदा चढला. "नाव आमच्याकडे नव्हतं, पण मरण तरी त्याचं होतं. ते पण तू मला देऊन टाकलंस. मी मागितलं होतं? नातीनं व्हिडिओ दाखवला, म्हणाली, आजोबा, तुमचं श्राद्ध कोणीतरी दरवर्षी घालतं. मी हसलो. घरातले सगळे हसले. मग जेवायला बसलो आणि घास उतरेना. माझं घालतात, तर त्याचं कोण घालतं? म्हणून आलोय. हे मरण परत घे. मला नको."

"आणि लिहू काय? 'एक जण मेला'?" मार्तंडराव म्हणाले. "एक जण रोज मरतो, वर्तमानपत्रात आतल्या पानावर. त्याच्यासाठी कोण रडतं? मी पहिल्यांदा तसंच लिहिलं होतं शाम्या. 'अनोळखी शिपाई.' संपादक म्हणाले, छान आहे, पण हा आहे कोण? मग मी त्याला तुझं नाव दिलं. नाव दिल्यावर त्याला बहीण लागली, ती दिली. गळा दिला. जेवायला द्यायला काही सुचेना, तर माझं आवडतं दिलं."

"वाटाणे," सुगंधाताई म्हणाल्या.

"वाटाणे."

"म्हणजे मी पन्नास वर्षं तुमच्या आवडीचं श्राद्ध करतेय. तुमच्या डोळ्यांदेखत. आणि तुम्ही पंगतीला बसून दोनदा मागून घेता."

मार्तंडरावांनी पुढचं पान पुसायला घेतलं, कारण ते खरंच दोनदा मागून घेत.

"आजीला तरी सांगायचं होतंत," कमल म्हणाली. इतका वेळ ती बाबांच्या बाजूला होती. आता ती खुर्चीसकट आईकडे सरकली. "तिनं पान वाढलं तेव्हा."

"आईला काय सांगू? की ते मी उगाच लिहिलं? ती म्हणाली असती, मेल्या, मग लढाईवर गेलेलंस ता तरी खरा काय?" मार्तंडराव पहिल्यांदाच मान खाली घालून बोलले. "एक टाका उसवला की माणसं अख्खा सदरा ओढून बघतात. मी जे पाहिलं होतं ते सगळंच गेलं असतं."

श्यामसुंदरला वाटलं, हे बरोबर आहे. तो आत्ता तेच करत होता. अख्खा सदरा ओढून बघत होता. हा पोरगा तरी खरा कशावरून? पन्नास वर्षं याचा उल्लेख नाही, आणि आज दोन म्हाताऱ्यांनी मिळून तो हॉलमध्ये आणून उभा केला. एकाला स्वतःचं मरण नको होतं आणि दुसऱ्याला खोटारडेपण. नावगाव नसलेला पोरगा दोघांच्याही सोयीचा होता.

"कसा होता दिसायला?" त्यानं विचारलं. आवाज कारखान्यातला लागला.

"उंच," मार्तंडराव म्हणाले.

"बुटका," पालव म्हणाले.

"काय बुटका? ट्रकाच्या फळीला डोकं लागलं त्याचं."

"ते ड्रायव्हरचं. हा माझ्या खांद्याला होता. मिसरूड पण नव्हतं."

"चांगली मिशी होती! पीळ द्यायचा बसल्या बसल्या."

"मार्तंडा, तू खंदकात आडवो पडलंलंस, तुका काय दिसतला?"

"आणि तू झाडामागं होतास! तुला जास्त दिसत होतं?"

"तेलुगू बोलायचा."

"गढवाली. स्पष्ट गढवाली."

"झालं," कमल उठली. "काहीच जुळत नाही. दोघं मिळून रचताय तुम्ही. आई, मी पानं वाढायला घेते. कोणाचं किती ते तुम्ही ठरवा."

पालवांचं तिकडे लक्ष नव्हतं. ते श्यामसुंदरकडे बघत होते, आणि त्यांच्या नजरेत आता संशय नव्हता, दया होती. नेमकी तीच श्यामसुंदरला सहन झाली नाही.

"मग मी कोणाच्या नावाचा आहे?" त्यानं विचारलं. बापाला विचारलं, पण उत्तर पालवांनी दिलं.

"माझ्या," ते म्हणाले. "ट्रकात पोट धरून पडलेल्या माणसाच्या."

साडेबारा वाजत आले. अमावास्येला सोसायटीची गच्ची भरून जाई. सेक्रेटरीकडून किल्ली घेऊन ज्यानं त्यानं आपापला कठडा धरलेला असे. गव्हाणपाड्यातले कावळे सकाळपासून खीर-वडे खाऊन इतके भरलेले असत की दुपारी नुसते टाकीवर बसून पानांची पाहणी करत. उशिरा आलेल्यांना हात जोडून, पितरांची नावं घेऊन, दुधीच्या भाजीबद्दल माफीबिफी मागून त्यांना खाली उतरवावं लागे.

श्यामसुंदर तांब्या आणि एक पान घेऊन वर आला. बाकीची पानं कमल आणि अपूर्वा आणत होत्या. हे पान आईनं स्वतः वाढून त्याच्या हातात दिलं होतं. त्यावर वडे होते, खीर होती, भोपळा होता, आणि वाटाण्यांच्या जागी काहीच नव्हतं. "काय आवडायचं त्याला कोणास ठाऊक," ती म्हणाली होती. "जागा ठेवलीय."

पालव त्याच्या मागोमाग जिना चढून आले, धापा टाकत. मार्तंडराव अजून खालच्याच वळणावर होते.

"एक विचारू?" श्यामसुंदर म्हणाला. टाकीच्या सावलीत दोघंच होते. "पोट खरंच बिघडलं होतं?"

पालवांनी वरचं बटण काढलं. मग दुसरं काढलं.

"हे मार्तंडानं पण कधी विचारलं नाही," ते म्हणाले. "बिघडलं होतं. पण पाण्यानं बिघडलं की भीतीनं, ते पोटाला विचारता येत नाही बाबा. मी पुष्कळदा विचारलं."

श्यामसुंदरनं पान कठड्यावर ठेवलं. सुटकेची वाट बघत तो थोडा वेळ तसाच उभा राहिला. हुतात्मा नव्हताच, होता तो आपल्यासारखा, झाडामागं बसलेला. आता झुरळाला बघून खुर्चीवर चढायला हरकत नव्हती. सुटका आली नाही. त्याऐवजी जिन्यातली ती ट्रेनी मुलगी आठवली. तिचं नाव काय, हे त्यानं आजतागायत विचारलेलं नव्हतं.

"तू पळालायस काय कधी?" पालवांनी विचारलं.

"एकदा. सरावाला."

"सरावाला?"

"आगीच्या. खरी आग नव्हती."

पालवांनी यावर बराच विचार केला. "मग तुझा सराव चांगला झाला," ते म्हणाले. हसले नाहीत.

मार्तंडराव वर पोचले. कठड्याला धरून त्यांनी श्वास घेतला आणि पहिलं वाक्य टाकलं ते जिन्यात अर्धं बोलून झालेलं होतं. "...आणि मिशी होती. मी त्याला विचारलं पण होतं, मेणबिण लावतोस काय म्हणून."

"ती मिशी हवालदाराची."

"हवालदार तेव्हा सुट्टीवर होता!"

"सुट्टीवर तू होतंस, डोक्यान!"

"पाणी मागितलं त्यानं माझ्याकडे. जर्मन धातूचा मग होता त्याचा, कान तुटलेला."

"कान तुटलेला मग माझा! त्याच्याकडे मगच नव्हता, म्हणून तर मी दिला त्याला!"

पालव थांबले. मार्तंडरावही थांबले. दोघांनी एकमेकांकडे अशा रागानं पाहिलं, की जणू समोरच्यानं आपल्या खिशातून काहीतरी काढलंय.

श्यामसुंदरच्या कारखान्यात नवीन आलेल्या पोरांना पहिल्या दिवशी एक गोष्ट सांगितली जाई, आणि ती तोच सांगायचा. एका व्हॉल्व्हचं माप दोन जणांनी वेगवेगळं घ्यायचं. दोघांचं माप थोडं पुढंमागं आलं तर काळजी नाही, त्यांनी खरंच मोजलंय. दोघांचं अगदी तंतोतंत जुळलं, की समजायचं चहाच्या टपरीवर बसून लिहिलंय. व्हॉल्व्हला हातच लागलेला नाही.

खाली हॉलमध्ये पानं वाढून होईपर्यंत या दोघांना पुष्कळ वेळ मिळाला होता. रचायचंच असतं तर तेवढ्यात मिशीचं काय ते ठरवून झालं असतं.

"बाबा," तो म्हणाला, "आवाज कमी करा. शेजारच्यांचे कावळे उडतायत."

कमल आणि अपूर्वा ताटं घेऊन वर आल्या. आजोबा, आजी, चुलते, सगळ्यांची पानं ओळीनं लागली. श्यामसुंदर एकेकाचं नाव घेत पाणी सोडत गेला. शेवटच्या पानाशी आला तेव्हा सवयीनं त्याच्या तोंडात 'श्यामसुंदर पालव' येऊन उभं राहिलं, आणि श्यामसुंदर पालव बाजूला उभे राहून शर्टाच्या बाहीनं मान पुसत होते.

"नाव घे," मार्तंडराव म्हणाले. "नेहमीचं घे. पन्नास वर्षं जे चाललंय ते चाललंय."

"घेतलंस तर मी जेवणार नाही," पालव म्हणाले.

"दादा, घे कोणाचं तरी," कमल कुजबुजली. "वरच्या मजल्यावरचे बघतायत."

सगळ्यांचं लक्ष त्याच्या तोंडाकडे होतं. श्यामसुंदरनं तांब्या खाली ठेवला. मग पुन्हा उचलला. बापाकडे त्यानं पाहिलं नाही. पानाकडे पाहिलं, भोपळा आणि वड्यांच्या मधे आईनं राखलेल्या मोकळ्या जागेकडे पाहिलं, आणि पाहुण्याला दारात बोलतात तशा साध्या आवाजात म्हणाला,

"नाव कळलं की घेतो. तोवर जेवून घे बाबा."

आणि पाणी सोडलं.